देवळात मिटवलेला मार

आमच्या ह्यांचा उजवा हात कामावर असताना मोडला, आणि तो एका माणसाने मोडला. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात अजूनही विचाराल तर "विहिरीवर पडले" म्हणून सांगतात, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे बोट कंपनीच्या धक्क्यावर होते. मुंबईची बोट किनाऱ्याला लागत नसे. उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, आणि ठरल्यापेक्षा जास्त माणूस पडावात चढू द्यायचं नाही, हे ह्यांचं काम. मे संपत आला होता. पावसाळ्यासाठी बोटी बंद होणार, म्हणून सुट्टीवर आलेले चाकरमानी पडावात नुसत्या उड्या टाकत होते. आमच्याच वाडीतला, मुंबईच्या गिरणीत कामाला असलेला एक गिरणीवाला भरल्या पडावात घुसू लागला. ह्यांनी हात आडवा घातला. त्याने वल्हं उचललं आणि त्याच हातावर हाणलं. धक्काभर माणसं बघत होती. पडाव बुडाला नाही, त्याचं मात्र कुणाला काही नाही.

कोपर पुन्हा वाकेना. तेव्हा कंपनीच्या कारकुनाने निरोप धाडला, की कामावर मार लागला तर कायद्याने भरपाई मिळते, कुणी मारलं ते येऊन सांगा. मला केवढं हायसं वाटलं! नोकरी तर गेल्यातच जमा होती.

पण कचेरीत जायच्या आधीच गावच्या मानकऱ्यांनी ह्यांना देवळात बोलावलं. मारणाऱ्याचा बाप नारळ घेऊन उभा. मानकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरांतला वाकडानाकडा हयच मिटव रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" ह्यांनी डाव्या हाताने नारळ घेतला. आमच्याकडे देवापुढे मिटलेली गोष्ट पुन्हा तोंडातून काढत नाहीत, देव कोपतो म्हणे. माणसाचा हात मोडला तेव्हा कोपला नाही तो!

मी घरी कडाकडा भांडले. "भरपाय कंपनी देतली. त्या मेल्याच्या खिशातसून थोडीच जातली?"

"नाव सांगूक व्हया ना?" हे म्हणाले. "देवाक सबूद दिलंय."

शेवटी कचेरीत मीही बरोबर गेले. कारकुनासमोर हे शुद्ध भाषेत म्हणाले, "घरच्या विहिरीवर पाय घसरला."

"अहो, सगळा धक्का सांगतोय तुम्हाला मारलं म्हणून," कारकून म्हणाला.

माझ्याने राहवेना. "खोटं आहे साहेब! ह्यांना वल्ह्याने मारलं." मी त्या गिरणीवाल्याचं नावही सांगून टाकलं.

कारकुनाने ह्यांच्याकडे बघितलं. हे चक्क हसले. "बाईमाणूस आहे साहेब. तिला काय कळतंय? ती तेव्हा घरी होती."

घरी होते, हे खरंच होतं. कारकुनाने विहीर लिहिली. सुरेख अक्षरात सही करणाऱ्या माझ्या नवऱ्याने खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला. भरपाई तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा अंगात अडकवून हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बटणां लाय गो."

"तुमच्या देवाक सांगा," मी म्हटलं आणि चुलीकडे वळले.

ते तसेच उभे राहिले. शेवटी लावली मीच, त्या दिवशी आणि पुढे ते होते तोवर रोज.