भरलेल्या चार खोल्या

बाजारात त्याला सगळे ‘शिष्टमंडळ’ म्हणत. छोट्या कोल्ड स्टोरेजवाल्यांच्या संघटनेचा तो चिटणीस. राजधानीतल्या खात्याला पत्र लिहिताना ‘आमचे शिष्टमंडळ आपल्या भेटीस येत आहे’ असं लिहायचा आणि प्रत्यक्षात एकटाच जायचा. बाकीच्या मालकांपैकी कुणाचं मशीन नेमकं त्याच दिवशी बिघडायचं, कुणाच्या सासऱ्यांचा गुडघा दुखायचा. साहेबांच्या खोलीत चार खुर्च्या मांडलेल्या असत. एकीवर हा बसे आणि उरलेल्या तिन्हींकडे साहेब बघत राहत.

मागणी एकच होती. कोल्ड स्टोरेजला कारखान्याचा वीजदर लावू नका, शेतीचा लावा. कारखान्याला संध्याकाळी कुलूप घालता येतं; इथे मशीन थांबलं की बटाट्याला कोंब फुटतात. इतकी साधी गोष्ट, पण ती पटवायला त्याचं अर्धं आयुष्य खर्ची पडलं. साहेब बदलायचे, मंत्री बदलायचे, हा पुन्हा पहिल्यापासून बटाट्याचे कोंब सांगायला बसायचा. उंबरठे झिजवणं म्हणतात ते हेच.

आणि हे सगळं कुणासाठी? स्वतःचं म्हणावं तर त्याच्याकडे काहीच नव्हतं. कोल्ड स्टोरेज होतं दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं. वडिलांनी बांधलेलं, चार खोल्यांचं. विजेचा दर चढत गेला तशी दादाने आधी एक खोली बंद केली, मग दुसरी, मग तिसरी. एकाच खोलीत माल आणि तीन खोल्यांना अंधार. पलीकडच्या बड्या कंपनीचा माणूस वर्षाआड येऊन विकत मागायचा. दादा दरवेळी धाकट्याकडे बघायचा आणि धाकटा म्हणायचा, थांब, या वर्षी नक्की होतंय. दादा थांबायचा. धाकट्याचा शब्द म्हणजे दादाला दगडावरची रेघ. भोळा माणूस, दुसरं काय!

शेवटी एकदाचं सरकार हललं. छोटी कोल्ड स्टोरेज खरोखर अडचणीत आहेत का, हे डोळ्यांनी बघायला समिती नेमली गेली. समिती तीन ठिकाणं बघणार होती आणि त्यातलं एक दादाचं. धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने संघटनेची बैठक बोलावली, आणि इथेच माशी शिंकली.

या लोकांची एक रीत होती, आणि ती पाडली होती यानेच. साहेब बघायला येणार म्हटलं की खोल्या भरायच्या. आपला माल नसेल तर शेजाऱ्याचा आणायचा, दाराला रंग काढायचा, थर्मामीटर पुसून लख्ख करायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं पेटंट वाक्य. एरवी शिष्टमंडळात यायला कुणाला सवड नसायची, पण या कामाला सगळे हजर. आपल्या धंद्याची अब्रू होती ना!

वहिनी एकटीच आडवी आली. दादाची बायको, मालाच्या पावत्या तीच फाडायची, तेव्हा कुठल्या खोलीत काय आहे ते तिला झोपेतही ठाऊक. आहे तसं दाखवा, तिन्ही दारं उघडा आणि अंधार बघू दे त्यांना, असं तिचं म्हणणं. धाकट्याने तिला समजावलं की सरकार उभ्या माणसाला हात देतं, पडलेल्याला नाही. रिकामी खोली दिसली तर म्हणतील, हा धंदा संपला, याला सवलत देऊन काय उपयोग? एवढी वर्षं कचेऱ्या पालथ्या घालून तो हे शिकला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही.

“भावोजी,” वहिनी म्हणाली, “ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणता तुम्ही.”

त्याने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, त्याला यातलं कळतं, तो म्हणतो तसं करू. झालं. दादाने एकदा म्हटलं की त्या घरात पुढे कुणी बोलत नसे.

चारही खोल्या गार करायला मशीन आठवडाभर आधीच जोरात चालवलं. म्हातारं मशीन, खोकत खोकत चाललं. शेजाऱ्यांकडून पोत्यांच्या गाड्या आल्या. हमालांनी थप्प्या अशा रचल्या की दारातून बघणाऱ्याला मागची भिंत दिसू नये. वहिनीने पावती फाडली नाही. आपला नाही त्या मालाची कसली पावती, एवढंच म्हणाली.

समितीच्या मुख्य बाई शांत होत्या, कमी बोलणाऱ्या. अंगावर जाड कोट चढवून चारही खोल्या फिरल्या. पोत्यात हात घालून बटाटा काढला, दाबून पाहिला, परत ठेवला. बाहेर आल्यावर कोट उतरवत त्यांनी दादालाच विचारलं, “नेमकी अडचण काय आहे तुमची?”

दादाने तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं! पण सवयीने धाकटाच पुढे झाला. अडचणी आहेतच, पण आमचे लोक जिद्दीचे आहेत, त्यातूनही मार्ग काढतात, सरकारने पाठीशी उभं राहावं एवढीच अपेक्षा, असं तो अस्खलित बोलला. बाईंनी मान डोलावली. जाताना त्या दादाला म्हणाल्या, फार छान ठेवलंय तुम्ही. दादा लाजला.

समितीचा निष्कर्ष आला. छोटी कोल्ड स्टोरेज पूर्ण क्षमतेने भरलेली आहेत, निगा उत्तम आहे, सध्याच्या दरात धंदा नीट चालतो, सबब सवलतीची गरज दिसत नाही. आणि उदाहरण कुणाचं? दादाचं.

धाकटा धावत राजधानीला गेला. या वेळी त्याने काही राखून ठेवलं नाही. पोती कुणाची, खोल्या किती वर्षं बंद, सगळं बाईंसमोर ओकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खात्याच्या माणसाला उघडीवाघडी हकीकत सांगितली आणि सांगताना त्याचा आवाज फाटला. बैल गेला आणि झोपा केला, पण केला बिचाऱ्याने. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, हेच वाईट.

“माझ्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं होतं, हे तुम्हीच सांगताय,” त्या म्हणाल्या. “मग आता कानांनी ऐकतेय ते तरी खरं कशावरून?”

हाडाचा वकील होता तो धंद्याचा, पण अशिलाला त्यानेच बुडवलं होतं.

पुढे व्हायचं ते झालं. त्या आठवड्यात जोर लावलेलं मशीन पुन्हा धड चाललंच नाही. नवं घ्यायला ना सवलत, ना कुणाचा आधार. बड्या कंपनीचा माणूस परत आला, पण आता चालतं कोल्ड स्टोरेज मागत नव्हता, नुसती जागा मागत होता. दादाने सही केली. धाकट्याला विचारलं नाही. रागावलाही नाही. फक्त विचारलं नाही. संघटनेच्या अध्यक्षांनी मात्र फोन करून कळवलं की आपल्या धंद्याची छाप चांगली पडली.

शेवटच्या दिवशी धाकटा तिथे गेला. खोल्या रिकाम्या, भिंतींना घाम फुटलेला, जमिनीवर पाणी. चारही दारं सताड उघडी होती. त्या घरात रांगतं पोरही शिकायचं की कोल्ड स्टोरेजचं दार उघडं टाकायचं नाही. त्यावरून वडिलांनी दोघा भावांना बडवलं होतं. दादा आत पालथ्या घातलेल्या पेटीवर बसला होता, अंगात नुसता बनियन. धाकटा आत शिरला आणि त्याचा हात आपसूक मागे गेला. दार ओढून तो लावू लागला.

“राहू दे,” दादा म्हणाला. “उकडतंय.”