पोट्ट्यांच्या रांगेतली पोट्टी

माझ्या दिराच्या नातीइतकी हट्टी बाई आसेगावात झाली नाही, आणि आसेगावात हट्टी बायांची कमी नाही. मी स्वतःच इथे पन्नास वर्षं नांदते आहे. ही पोट्टी दहावीत असताना "फौजेत जाणार" म्हणाली आणि त्या दिवसापासून दारातून घरात येणंच तिनं सोडलं. कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून यायची. आईनं वैतागून भिंतीवर बोराटीचे काटे ठेवले, तर म्हणते, "बरं केलं माय, हातभर उंची वाढली." पहाटे रस्त्यानं पळायची. आमच्याकडे बाई पळाली म्हणजे कुठेतरी साप चावला किंवा आग लागली, असंच लोक समजतात. पहिल्या दिवशी चार माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन तिच्यामागे पळाली, आणि काहीच पेटलं नाही म्हणून वर तिच्यावरच रागावली.

वाशीमचे पाहुणे तिला बघायला आले, तेव्हाही असंच. मुलगा नोकरीवाला, पॅन्टला कडक इस्त्री. त्यानं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" ती म्हणाली, "येते. तुमाले सोळाशे मीटर पळाले किती मिनिटं लागतात?" तो म्हणाला, "मी गाडीनं जातो." आम्हाला वाटलं, स्थळ गेलं. पण मुलाला ती पसंत पडली, हीच पंचाईत झाली.

शाळेमागच्या मैदानावर एक रिटायर फौजी गावातल्या पोट्ट्यांना भरतीसाठी तयार करायचे. माणूस चांगला, पण हिच्या हाती त्यांनी पहिल्याच दिवशी शिट्टी आणि घड्याळ दिलं. पोट्टे पळायचे, ही वेळ मोजायची. "बाईमाणसानं आधी पाहून घ्यावं," म्हणायचे. दोन महिने झाले तरी हिचं पाहणं संपेना. शेवटी बापानं बजावलं, "उन्हाळा लागेपर्यंत फौजीनं तुले रांगेत घेतलं नाही, तर मी वाशीमवाल्याईले हो म्हणतो." त्या दिवशी ती जेवली नाही. भाकरीवर रागावणारी पोर ती नव्हती, म्हणून मी समजले, हे तिच्या जिवाला लागलं.

माझं वावर मैदानाला लागून आहे. हरभरा राखायला मी सकाळीच तिथे बसायची. उन्हाळ्याला आठेक दिवस राहिले असतील. फौजींनी सांगितलं, आज जखमी साथीदाराला खांद्यावर टाकून लिंबाच्या झाडापर्यंत पळायचं आणि परत यायचं. जोड्या लागल्या. हिनं शिट्टी खाली ठेवली आणि एका पोट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली. तो मागे सरकला. "ताई, मी नाही बसत. सारे हसतीन मले." दुसरा बुटाची लेस बांधायला बसला, तो उठेचना.

फौजी म्हणाले, "पाह्य, म्हणूनच सांगून राह्यलो. तुले जोडी कुठून आणू?"

मी गोफण टाकून मैदानात गेले. म्हटलं, "मले घे."

"आजी, हा खेळ नोहे," फौजी म्हणाले.

"मले कुठं खेळाचं हाये? ते पोट्टी खेळीन. मी जखमी."

तिनं विचार केला नाही, मला उचललं आणि पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. तिच्या खांद्याचं हाड माझ्या पोटात, पदर माझ्या तोंडावर, एक चप्पल कुठे गेली पत्ता नाही. मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. ती धापा टाकत म्हणाली, "आजी, चूप राय. फौजेत जखमी माणूस बोलत नसते."

"मेलेला बोलत नसते. जखमी शिव्या देते!"

वीस जोड्यांत ती सहावी आली. फौजींनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. म्हणाले, "उद्यापासून शिट्टी दुसऱ्याजवळ दे." माझ्या बरगड्या आठ दिवस दुखल्या आणि या वयात शोभत नाही असं अर्ध्या गावानं मला ऐकवलं. ऐकून घेतलं.

पुढे ती भरती झाली, दूर ट्रेनिंगला गेली. रविवारी फोन यायचा. "आजी, इथं रडलं तर शिकवणारे उस्ताद म्हणतात, बाईच हाये. नाही रडलं तर म्हणतात, बाई वाटतच नाही." मी विचारलं, "मग तू काय करतं?" म्हणाली, "दोन्ही करतो. वेगवेगळ्या वेळी."

परवा दहा दिवसांच्या सुट्टीवर आली. केस कापलेले, पाठ ताठ, बोलणं कमी. सगळ्यांना 'जी' म्हणते. तिची आई खूश आहे, म्हणते, "सुधरली." मी मुद्दाम दोन-तीनदा तिला डिवचलं. ती हसली आणि "ठीक हाये आजी" म्हणाली.

जायच्या दिवशी मी एसटीपर्यंत गेले. तिची फौजेची काळी पेटी पाहून कंडक्टर ओरडला, "फौजी कुठं हाये? पेटी वर घ्या म्हणा त्याले."

मी कंबर कसून तयार झाले. म्हटलं, आता हिचं तोंड सुटेल आणि मंगरूळपीर येईपर्यंत त्याची खैर नाही. पण ती नुसती म्हणाली, "मीच जी." पेटी स्वतः वर चढवली, खिडकीशी बसली, मला हात केला.

बस गेली. बराच वेळ मी तिथल्याच ओट्यावर बसून होते. ते भांडण मला ऐकायचं होतं.