आबांचं नाइन एमएम

माझ्या वडिलांना, ज्योतीराम आबांना, आमच्या चिखलीत सगळे मिलिटरीवाले म्हणून ओळखतात. खरं तर फौजेतली सगळी वर्षं त्यांनी हत्यारं दुरुस्त करण्यात घालवली. आता ते महाळुंग्याच्या एका कंपनीत गेटवर सुपरवायझर आहेत आणि जवळ फक्त शिट्टी असते. मला त्यांचा अभिमान आहे. गेल्या खंडेनवमीपासून तितकाच रागही आहे. आई तर त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलतच नाही.

लहानपणी आमच्या घरात राजाराणीच्या गोष्टी नव्हत्या, नाइन एमएमच्या होत्या. म्हणजे फौजेतलं जुनं पिस्तूल. वाळूत पडलं, चिखलात बुडालं, तरी चाप ओढला की चालणारच, असं आबा जेवताना सांगायचे. ते हातात कसं बसतं, हे भाकरीचा तुकडा मुठीत धरून दाखवायचे. "माणूस दगा देईल, हे न्हाई देणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा धाकटा भाऊ रविराज घास हातात धरून ऐकत राहायचा. आई म्हणायची, "अहो, पोराला दुसरं कायतरी सांगा की." आबांनी दुसरं काही सांगितलं नाही.

रविराज मोठा झाला, चाकणला कंत्राटी कामाला लागला आणि वाढदिवसाला कोयत्यानं केक कापणाऱ्यांच्या टोळक्यात जाऊन बसला. चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर गॉगल. बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलले की आई म्हणायची, "वय हाय, रूपे."

खंडेनवमीला आबा आपली हत्यारं पुजतात. हत्यारं कसली, दोन स्क्रूड्रायव्हर, एक हातोडी, ब्रश आणि तेलाची कुपी. मी सासरहून, संत तुकाराम नगरहून, त्यासाठी मुद्दाम आले होते. आई हळदकुंकू लावत होती. तेवढ्यात रविराजनं लाल कापडात गुंडाळलेली वस्तू पाटावर ठेवली आणि कापड बाजूला केलं.

"आबा, तुमचं नाइन एमएम. गिफ्ट."

काळं, चकचकीत पिस्तूल होतं. वर फौजेतल्यासारखा शिक्का. आईला वाटलं, शोभेचं असेल. तिनं त्यालाही कुंकू लावलं आणि ओवाळायला निरांजन उचललं. नळी थेट तिच्या पोटाकडे होती.

आबांनी तिला हातानं बाजूला लोटलं. पिस्तूल भिंतीकडे धरून मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला. आतून जिवंत काडतूस उडालं आणि पाटावरच्या तांदळात पडलं.

"भरलेलं आणलंस?"

"लॉक लावलंय की, आबा."

आबांनी तो लॉकचा खटका बोटानं हलवून दाखवला. तो नुसता डुगडुगत होता, काही अडवतच नव्हता. "गावठी हाय हे! शिक्कापण खोटा. आईकडं तोंड करून ठेवलंस, मुडद्या?" आणि त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली.

"तुमच्यासाठीच आणलं ना!" रविराज गाल धरून ओरडला. "पोरांपेक्षा जास्त कौतुक त्याचंच केलंत तुम्ही!"

माझं डोकं फिरलं. भावाला तर मी वाट्टेल ते बोलले, पण मग आबांकडे वळले. "ह्याचं एवढं खरं आहे, आबा. दगा देत नाही, दगा देत नाही! दुसरं काही सांगितलंत कधी?"

आबा पाटाशी बसले. तांदळातलं काडतूस उचलत म्हणाले, "रोज सांजच्याला ते जमा करायचो. हत्यारांच्या खोलीत, मोजून. एक दिवस चुकला न्हाई. म्हणून भरवशाचं होतं ते. ह्ये सांगायचं ऱ्हायलं."

आईनं पदर पसरला. "इंद्रायणीत टाका अन् मोकळे व्हा."

"टाकलेलं दुसऱ्याच्या हातात जातं. हत्यार जमा करायचं असतं."

"मग रस्त्यात सापडलं म्हणा. पोराचं नाव घेऊ नका. जेलात घालतील त्याला!"

आबांनी पिस्तूल, मॅगझिन, काडतुसं सगळं डब्याच्या पिशवीत घातलं आणि रविराजला चपला घालायला सांगितलं. मीही निघाले. पोलीस चौकीपर्यंत आम्ही तिघं चालतच गेलो. आबांनी एकदा तरी खोटं बोलावं, असं मला वाटत होतं, आणि असं वाटतंय याची चीडही येत होती.

टेबलामागच्या हवालदारानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि तो खुर्चीतून उठलाच. "कुठं सापडलं, काका?"

आबा ताठ उभे राहिले. एकेक वस्तू टेबलावर ठेवू लागले.

"पिस्तूल एक. मॅगझिन एक. काडतुसं चार."

मग रविराजचा दंड धरून त्याला पुढे केलं. आबांची मान खाली गेली नाही.

"पोरगा एक."