रुखवताची किल्ली

आयुष्यात मी एकदाच कोणावर खोटा आळ घेतला, आणि तोही तोंड न उघडता. नुसती मान हलवली. पण ज्या बाईवर घेतला ती माझी सासू होती. वय पंचाहत्तर, मधुमेह जुना, आणि जावयाबद्दल मनात कधी वाकडा शब्द नाही. तेव्हा चूक लहान होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुरुवात मात्र पुण्यकर्मापासून झाली होती. आमच्या पल्लवीचा साखरपुडा झाला त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "पप्पा, मला तुमच्याकडून दागिना नको, फ्रीज नको. फक्त कन्यादानाला माझ्या शेजारी बसाल तेव्हा अंगाला सिगारेटचा वास नको."

सव्वीस वर्षांची सिगारेट! मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. दिवसभर मोठ्या धुराड्यांच्या सावलीत काम करायचं आणि घरी येऊन गॅलरीत लहान धुराडं व्हायचं, असा माझा जन्म चाललेला. पण मुलीने मागितलं म्हटल्यावर सोडली. त्याच दिवशी सोडली. हे एक काम मी मनापासून केलं, एवढं कृपया लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं असं फारसं काही येणार नाही.

अडचण तोंडाची होती. सिगारेट गेली, पण तोंडाला दर तासाने काहीतरी लागायचंच. आधी बडीशेप झाली, मग लवंग, मग लिमलेटच्या गोळ्या, मग गूळ-शेंगदाणे, मग चिवडा. पहिल्या महिन्यात तीन किलो वाढलो, दुसऱ्यात आणखी तीन. घरात मात्र कौतुकच कौतुक!

"सिगारेट सोडली की वजन वाढतंच," माझी बायको सुनंदा शेजारणीला अभिमानाने सांगायची. "डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे."

चांगलं लक्षण दर आठवड्याला पट्ट्याचं एक भोक पुढे सरकत होतं. लग्नाचा सफारी शिवायला टाकला होता, त्याच्या ट्रायलला गेलो, तर टेलरने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "साहेब, मागच्या वेळी माप द्यायला तुमचे धाकटे भाऊ आले होते का?"

मला भाऊ नाही.

"जेवढं कापड आत होतं तेवढं सोडलंय," तो म्हणाला. "आता लग्न तरी लवकर उरका."

लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा सासूबाई वणीहून आल्या. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या येण्याचं कारण म्हणजे रुखवत. नवरीबरोबर द्यायचं फराळाचं ते मांडणं मामींच्या देखरेखीशिवाय होत नाही. चार दिवस घरात तुपाचा वास घुमत होता. बेसन, रवा, डिंक, मोतीचूर आणि शेंगदाणा, अशा पाच प्रकारचे लाडू झाले. प्रत्येकी एक्कावन्न! ते पाच डब्यांत भरून मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवले आणि त्याच खोलीत मामींची कॉट टाकली.

आता माझी पहिली पाळी असली की मी साडेतीनला घरी. सुनंदा शाळेत शिकवते, ती पाचनंतर येणार. पल्लवी खरेदीत. मामी भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. आणि ही वेळ म्हणजे माझ्या जुन्या चौथ्या सिगारेटची वेळ!

पहिल्या दिवशी अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा डब्यात परत ठेवणं बरं दिसेना, म्हणून तोही खाल्ला. दुसऱ्या दिवशी माझं मलाच बजावलं, फक्त एक. तिसऱ्या दिवशी असं काही बजावलं नाही. मामींच्या कॉटच्या कडेवर टेकायचं, आवाज न करता झाकण काढायचं आणि डोळे मिटून खायचं. मामी बिचाऱ्या घोरत असायच्या.

आठवड्याने सुनंदा शाळेतून लवकर आली. मी नुकताच एक बेसनाचा तोंडात टाकून हॉलमध्ये आलो होतो. ती तरातरा मागच्या खोलीत गेली, डबा मोजला, कॉटवरची चादर झटकली आणि बाहेर आली.

"अहो, बेसनाचे एक्कावन्न होते, चौतीस उरलेत! आणि आईच्या चादरीवर चुरा पडलाय. आईच खाते ना?"

बेसनाचा लाडू टाळूला चिकटला की माणसाला खोटं बोलता येत नाही आणि खरंही बोलता येत नाही. (तोंड भरलेलं दिसत होतं, पण सिगारेट सोडल्यापासून माझ्या भरल्या तोंडाचं घरात कोणाला नवल राहिलं नव्हतं.) मला म्हणायचं होतं, थांब, गिळतो आणि सांगतो. ते सांगायला म्हणून मान हलवली.

ती खालीवर हलली.

"वाटलंच मला!" सुनंदा आत गेली. "आई, तुला किती वेळा सांगितलं, साखर वाढली तर लग्नात दवाखान्यात बसावं लागेल!"

तोपर्यंत लाडू उतरला होता. मी बोलू शकत होतो. दारात उभाही राहिलो. मामी उठून बसल्या, मुलीकडे पाहिलं, मग मुलीच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"खाल्ला आसंल बाई," त्या म्हणाल्या. "ह्या वयात काय ध्यानात ऱ्हातंय!"

आणि मी गप्प बसलो. मला वाटलं, बिचारीला खरंच आठवत नसेल. माणूस स्वतःला वाचवताना किती भाबडा होतो पाहा!

त्या दिवसापासून मामींचे हाल सुरू झाले. सकाळ-संध्याकाळ बोटाला सुई. पहिल्याच सकाळी साखर आली एकशे वीस.

"शक्यच नाही! सतरा लाडू खाऊन एकशे वीस? मशीन बिघडलंय!"

नवीन मशीन आलं. त्यात आली एकशे अठरा.

"बघा! नवीनसुद्धा बिघडलेलंच दिलं!"

मामींची कॉट हॉलमध्ये आली. कपाटाला कुलूप लागलं. आणि सुनंदाने जाहीर केलं की लग्नात आईला पंगतीत बसवायचं नाही, तिचं भाजी-भाकरीचं ताट बाजूला, आपल्या नजरेसमोर.

मामी इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या. तेव्हा मात्र म्हणाल्या, "सुई टोचा, काय बी करा. पर नातीच्या लग्नात पंगतीला बसू द्या गं. पहिली नात हाय माझी."

"तब्येतीपुढे काही नाही," सुनंदा म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि माझ्या तळहातावर कुलपाची किल्ली ठेवली. "ही तुमच्याकडे ठेवा. सव्वीस वर्षांची सिगारेट एका दिवसात सोडली तुम्ही. मनावर एवढा ताबा असलेलं दुसरं माणूस नाही या घरात!"

पुढच्या आठ-दहा दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही. किल्ली माझ्या खिशात होती आणि लाडू कोणी मोजत नव्हतं. रोज ठरवायचो, आज सुनंदाला सांगायचं. सांगायचं ठरवलं की छातीत धडधडायचं. धडधडलं की पूर्वी मी सिगारेट ओढायचो. आता काय करत असेन, ते सांगायला नकोच.

हळदीच्या दिवशी मी एकट्यानेच डबे उघडले. बेसनाचे अकरा उरले होते.

"रुखवत मी मांडतो," मी म्हणालो. सुनंदाचे डोळे भरून आले. बापाची माया वाटली तिला! लग्नाच्या सकाळी मी कार्यालयात सगळ्यांच्या आधी जाऊन परातीत एक स्टीलचं पातेलं उपडं घातलं आणि त्याच्याभोवती, त्याच्यावर असे अकरा बेसनाचे आणि शेंगदाण्याचे जेवढे उरले होते तेवढे रचले. वर जरीची झालर, टोकावर कागदी मोर. एकूण मनोरा असा झाला की फोटोवाल्यानेही दोन फोटो जास्त काढले.

सिन्नरच्या विहीणबाई रुखवत बघायला आल्या. रीत अशी की त्यांनी एक लाडू उचलायचा. आता कोणीही वरचा उचलेल, पण विहीणबाई उंचीला बेताच्या! त्यांनी मधला ओढला.

एक लाडू घरंगळला, मागोमाग दुसरा. मोर आडवा झाला. आणि भर मांडवात पातेलं उघडं पडलं. त्यावर ठिपक्यांच्या अक्षरांत स्वच्छ कोरलेलं होतं: 'सखूबाईकडून सुनंदास, वणी'. आमच्या लग्नात मामींनीच दिलेलं पातेलं!

"आई!" सुनंदाचा आवाज फुटला. "इतके खाल्लेस? आणि वर झाकायला पातेलंसुद्धा तूच दिलंस?"

सगळी मंडळी वळली. मामी कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर भाजी-भाकरीचं ताट. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, नुसता पदर सारखा केला. तो पदर सारखा करताना पाहिला आणि माझ्याने राहवलं नाही.

"लाडू मी खाल्ले," मी म्हणालो.

मग विहीणबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. "बघा गं! सासूची अब्रू राखायला जावई स्वतःवर घेतोय. असा जावई मिळायला भाग्य लागतं!"

"नाही हो, खरंच मी खाल्ले!"

"किती मोठं मन!" मागून कोणीतरी म्हणालं.

सिगारेट सोडणं सोपं होतं. खरं बोलून ते पटवणं त्याहून अवघड निघालं! मी घामाघूम होऊन खिशात रुमाल शोधला, तर रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली. खण्णकन फरशीवर पडली.

सुनंदाने किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सफारीच्या त्या बटणाकडे, जे सकाळपासून जीव मुठीत धरून होतं.

"कपाटाला कुलूप होतं," ती सावकाश म्हणाली. "किल्ली तुमच्याकडे होती."

आता मात्र कोणी माझ्या मोठ्या मनाबद्दल बोललं नाही.

"आजी, तुला माहीत होतं?" पल्लवीने विचारलं.

"जावई रोज बाजूला बसून कुरूकुरू खात व्हते, माहीत नसायला काय झालं?" मामी म्हणाल्या. "घोरायचं सोंग करून करून घसा दुखला माझा."

"मग बोलली का नाहीस गं?" सुनंदाला रडू फुटलं.

"मी बोलले आसते तर ते लाजंनं परत सिगारेटकडं गेले आसते. तुझ्या बापाला बिडी सोडायला सांगून सांगून थकले मी. शेवटपर्यंत सोडली नाय. लाडू परवडला बाई." मग त्यांनी मांडीवरचं ताट सुनंदाच्या हातात दिलं. "मला आता पंगतीत बसव. अन् अर्धा बेसनाचा वाढ. आळ तर सतराचा घेतलाय."

सुनंदाने त्यांना हाताला धरून नेलं आणि पंगतीत सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसवलं. मी मागोमाग गेलो. इतक्या दिवसांत जे शब्द लाडवाबरोबर गिळत आलो होतो, ते आता बोलायचेच होते, आणि तेही पायांवर डोकं ठेवून. मी वाकलो. अर्ध्यातच अडलो. श्वास कोंडला, बटण तटकन उडालं, आणि हात मामींच्या गुडघ्यांच्या खाली काही केल्या जाईनात. दहा किलो पश्चात्ताप मध्ये आला होता!

मामींनी थोडा वेळ वाट पाहिली.

"थांबा जावईबापू," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर सावरून बसत त्यांनी आपलेच पाय वर उचलले, माझ्या हाताला लागतील इतके. तेव्हा कुठे मला म्हणता आलं, "मामी, चुकलो."