पतीची सही

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. ताईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मी लगेच मुद्द्यावर येणार नाही, चालेल ना? येता आलं असतं तर तीन वर्षं कशाला लागली असती.

मी नर्स आहे. नाशिक रोडच्या एका खाजगी प्रसूतिगृहात बावीस वर्षं काढली. आमच्या कॉलनीत भाजीवालीसुद्धा मला सिस्टर म्हणते. स्वभावाने फटकळ. नवऱ्याला काय, मोठ्या डॉक्टरांना काय, तोंडावर बोलणारी बाई — असं माझ्याबद्दल सगळे म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं.

समीर माझ्या ताईचा मुलगा. जन्मला तेव्हा मुलगी म्हणून जन्मला. पहिली अंघोळ मीच घातली होती. विसाव्या वर्षी त्याने घरात सांगितलं — मी मुलगा आहे, मला समीर म्हणा. ताईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. भावजींनी बोलणं टाकलं. आणि मी? मी पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं, "समीर, भाकरी घे रे." त्याचे डोळे भरून आले. मला कौतुक वाटलं — त्याचं नाही हो, माझंच. पुढे विहारात बायका जमल्या की मी हा प्रसंग सांगायचे. स्वाभिमान, माणुसकी वगैरे. सांगताना माझा आवाज जरा चढायचा.

आता बघा, असं बोलणाऱ्या बाईला कुणी काही मागितलं तर ती नाही म्हणेल का?

एका सकाळी त्याचा फोन आला. तो तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात होता, आणि विनय नावाच्या मित्राबरोबर राहत असे. म्हणजे नुसता मित्र नव्हे — ते मला ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी दोघांचं बिनसलं आणि विनय सुरतेला निघून गेला. फोनवर समीर आधी हसला, मग म्हणाला, "मावशी, मी प्रेग्नंट आहे गं." हार्मोनची इंजेक्शनं चालू, पाळी बंद, म्हणजे आता असं काही होणारच नाही असं तो धरून चालला होता. तसं नसतं. पण त्याला कुणी ते सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी नर्स! त्याला ते मूल नको होतं. अंगात जे चाललंय ते सहन होत नाही, म्हणाला. मी म्हटलं, ये उद्या, मी आहे ना.

सातवा आठवडा होता. गोळ्यांवर भागलं असतं. आमच्या डॉक्टर मॅडम त्याला नाही म्हणाल्या नसत्या — हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझ्या वाट्याचं मी त्यांच्या नावावर ढकलायला नको.

दुसऱ्या दिवशी तो आला. आमच्याकडे ओपीडीच्या पडद्याशी पाटी आहे: पुरुषांनी बाहेर थांबावे. त्या पाटीपाशी तो उभा. नुकती दाढी फुटलेली, इस्त्रीचा शर्ट — माझ्या दवाखान्यात यायचं म्हणून शर्टाला इस्त्री केली होती त्याने. आत पोटं सावरत बसलेल्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. रिसेप्शनवरची कविता म्हणाली, "दादा, पेशंट कुठंय?" तो हळूच म्हणाला, "मीच."

सगळ्या माना वळल्या. कविताने माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, तुमच्या ओळखीचे आहेत का?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने ऐकलं का? मला आजही माहीत नाही. मी त्याला हाताने खूण करून जिन्याखाली नेलं. कान तापले होते माझे. उद्या सगळ्या स्टाफला कळणार, जेवणाच्या डब्यावर चर्चा होणार, सिस्टरच्या घरात असं आहे — एवढंच डोक्यात. आणि मी त्याला सांगितलं, "समीर, पतीची सही लागते. त्याशिवाय होत नाही."

हे खोटं होतं.

आमच्या संमतीच्या कागदावर खाली तशी एक ओळ छापलेली आहे, खरं. पण कायद्यात ती नाही. सज्ञान माणसाची स्वतःची सही पुरते. ती ओळ फक्त सासरचे उद्या भांडायला येऊ नयेत म्हणून. लग्न न झालेल्या मुलींना मीच सांगत आले आहे — ती ओळ सोड बाळा, तुझी सही कर, झालं. कित्येक जणींना सांगितलं. परक्या मुलींना.

मला वाटलं होतं, तो निराश होऊन दुसरीकडे जाईल. पण मावशीने सांगितलं म्हणजे तसंच असणार! तो सहीच्या मागे लागला. विनय फोन उचलेना. समीर एसटीने पेठच्या घाटातून सुरतेला गेला, घाटात दोनदा उलटी झाली, आणि विनय भेटलाच नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. तेव्हा कुठे एका कागदावर विनयने लिहून दिलं — माझ्या पत्नीच्या गर्भपातास माझी हरकत नाही. पत्नी. ज्या पोराने समीर व्हायला आईबाप गमावले, त्याने शेजारी बसून तो शब्द लिहून घेतला.

तोवर अकरावा आठवडा लागला होता. गोळ्यांची वेळ गेली. मी त्याला पंचवटीकडच्या एका दवाखान्यात नेलं, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. तिथे मी त्याची मावशी झाले. त्यांनी कागद मागितला नव्हता, त्यानेच पुढे केला, आणि त्यांनी तो निमूट फाईलला लावला. मी शेजारीच उभी होते. गप्प. बायकांच्या वॉर्डात, आधार कार्डावरच्या जुन्या नावाने त्याला दाखल केलं, पिशवी साफ केली. भूल उतरताना त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तू होतीस म्हणून."

तेव्हापासून तो रोज सकाळी फोन करतो. मी दुसऱ्यांच्या औषधांच्या वेळा पाळते, माझी बीपीची गोळी मात्र विसरते. "मावशी, गोळी घेतली?" एवढंच विचारतो. मी हो म्हणते आणि फोन ठेवते. मग बराच वेळ ओट्याशी उभी राहते.

गेल्या रविवारी त्याने नेहमीच्या प्रश्नानंतर फोन ठेवला नाही. त्याच्यासारखाच एक मित्र आहे, तसाच अडकलाय. "मी त्याला सांगितलंय, नवऱ्याची सही लागते. पण त्याच्याकडे सही द्यायला कुणीच नाही. काही मार्ग आहे का?"

माझं खोटं आता तो वाटत होता. चांगल्या मनाने.

मी म्हटलं, "नाही लागत सही. त्याला म्हणावं, आजच जा."

तो म्हणाला, "पण तेव्हा तर..."

आणि मी — तोंडावर बोलणारी बाई — म्हटलं, "नियम बदललाय आता."

"बरं झालं," तो म्हणाला. खरंच आनंद झाला होता त्याला.

नियम बदलला नव्हता, समीर. तेव्हाही तुझी एकट्याची सही पुरेशी होती.