हिरव्याच्या जागी तपकिरी

विमान घरात यायच्या आधी फ्लेक्स लागला होता. लेकरानं हवाई दलाच्या भरतीची लेखी परीक्षा काढली, त्याचा निकाल दुपारी आला, आणि दुसऱ्या दिवशी शिरूर कासारच्या रस्त्याला आमच्या गावच्या फाट्यावर ह्यांनी दांडगा फ्लेक्स उभा केला. मधोमध पोराचा फोटो, मुंडक्याखाली कुण्या भलत्याच वैमानिकाचे कपडे चिकटवलेले, डोक्यावरून धूर सोडत चाललेलं विमान, वर पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो आणि खाली मित्रमंडळाची झाडून सगळी नावं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'भावी वैमानिक'.

मी म्हटलं, "अवो, अजून मुलाखत हाय, डाक्टरी तपासणी हाय. एवढी घाई कावून?"

"मुलाखतीत ह्यो काय गप बसणारंय व्हय?" हे म्हणाले. "अन् तब्येत तर बैलावानी हाय."

तब्येत खरंच चांगली होती. आमच्याकडं निवडणुकीचा फॉर्म भरला की गुलाल उधळतात, निकालाची वाट कोण बघतंय! तसंच झालं हे. ट्रॅक्टरवर बसवून मिरवणूक काढली. फेटा बांधला. फेट्याखाली लेकराचे कान लाल झाले होते आणि तो माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणत होता, आई, आवर यांना. मी मेली कुणाला आवरणार? मीच लई फुगले होते.

कारण त्याला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. रानात दारं धरायला लावलं तर वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या कपाशीत आणि हा मान वर करून उभा, वरून एखादं विमान गेलेलं असायचं. दिसेनासं झालं तरी बघत राहायचा. त्याच्यासाठीच मी गाव सोडून बीडला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले होते. तो क्लासला जायचा, मी डबा करायचे, हे गावाकडं शेती आणि पुढारपण दोन्ही बघायचे.

विमान आणलं माझ्या धाकट्या भावानं. तो पुण्याला कंपनीत असतो. भाचा पास झाला म्हणून हा एवढा थोरला खोका घेऊन आला. मी म्हटलं मिक्सर आणला असेल. उघडून बघते तर आत राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि त्यांना बारके बारके तुकडे लटकलेले, वेलीला काकड्या लागाव्यात तसे. दुसऱ्या महायुद्धातलं, इंग्रजांचं, एका माणसानं उडवायचं लढाऊ विमान होतं ते. त्याचं इंग्रजी नाव पोरगा दिवसभर घ्यायचा, माझ्या जिभेवर काही ते बसलं नाही. खऱ्या विमानाच्या चोवीसाव्या हिश्श्याचं होतं, म्हणे. जोडून झाल्यावर एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत भरून उरेल एवढं.

मुलाखतीचं पत्र यायला अवकाश होता. तेवढ्या दिवसांत हे पूर्ण करायचं, असं त्यानं ठरवलं. "एकदा तिकडं गेलो की खरंच विमान मिळणारंय. मग ह्याला कोण विचारतंय!" असं म्हणायचा आणि हसायचा.

पहिल्या दिवशी त्यानं सगळ्या चौकटी साबणाच्या पाण्यात धुतल्या. मी म्हटलं, "आयुष्यात कधी स्वतःचं ताट धुतलं न्हाईस!" तर म्हणे, तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. माझं नेलकटर गेलं, भुवया उपटायचा चिमटा गेला, धुण्याचे चिमटे गेले. पंख्याच्या वाऱ्यानं तुकडे उडतात म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद. बीडचा मे! आम्ही मायलेकरं घामानं निथळत बसायचो आणि तो एक-एक तुकडा चिमट्यानं धरून काचपेपरनं घासायचा. गोंदाच्या वासानं माझं डोकं उठायचं. एकदा कसलंसं बारकं चाक हरवलं. सगळं घर झाडलं, पलंग उचलला, पिठाचा डबा चाळला. सापडलं ते त्याच्याच बनियनला चिकटलेलं. "वैमानिक साहेब," मी म्हटलं, "हवेत चाक हरवलं तर आईला फोन करू नका बरं का."

पण खरं सांगते, ते दिवस मला फार आवडले. इंजिन जोडलं तेव्हा त्यानं मला हाक मारून बोलावलं आणि कुठला पाईप कुठं जातो ते दाखवलं. बसायची जागा केली, तिथं कागदाचा बारीक पट्टा कापून लावला. मी विचारलं, "हा माणूस एकटाच बसायचा? भ्या नसंल वाटत?" तो म्हणाला, "एकटाच. वर गेल्यावर सगळं आपल्यालाच बघावं लागतं."

मग रंगाची पाळी आली. वरच्या अंगाला हिरवे आणि तपकिरी पट्टे, शेतावरून उडताना शत्रूला दिसू नये म्हणून. खालून आभाळासारखा फिका. पोरानं आधी पेन्सिलीनं पंखावर पट्ट्यांच्या रेषा आखल्या आणि प्रत्येक तुकड्यात बारीक अक्षर टाकलं, 'हि' नाहीतर 'त'. त्याची ही लहानपणापासूनची पद्धत. शाळेतल्या खडूंवरचा कागद त्यानं कधी फाडू दिला नाही, नाव वाचून खडू उचलायचा. नीटनेटकं लेकरू, म्हणून मी मिरवायचे.

माझ्या दोन जुन्या स्टीलच्या वाट्यांत त्यानं रंग पातळ केले. हिरव्याचे दोन-चार तुकडे भरून झाले आणि तो पाणी प्यायला उठला. तेवढ्यात मी फरशी पुसायला म्हणून वाट्या उचलल्या, पुसून परत ठेवताना त्यांची अदलाबदल झाली. तो आला, बसला, ब्रश बुडवला आणि 'हि' लिहिलेल्या जागी तपकिरी रंग लावायला लागला. शेजारी त्याचाच ओला हिरवा होता. मधेच हात थांबेल म्हणून मी बघत राहिले. हात थांबला नाही. जिभेचं टोक बाहेर काढून, एकाग्र होऊन, त्यानं अर्धा पंख भरला.

"अरे, हिरव्याच्या जागी तपकिरी लावलास की!"

"गंमत नको करू आई. हात हलंल."

मी दोन्ही वाट्या उचलून बाहेर पायरीवर उन्हात नेल्या आणि त्याला हाक मारली. हसत हसतच विचारलं, "सांग बरं, हिरवी कोणती?" त्यानं एका वाटीकडं बोट केलं. ती तपकिरी होती. मी त्याच्याकडं पाठ करून वाट्या बदलल्या, पुन्हा विचारलं. पुन्हा तपकिरी. तिसऱ्यांदा बरोबर आलं. "दोन्ही मातकटच हायेत," तो म्हणाला, "लढाईचे रंग तसेच असतेत." आणि आत जाऊन परत रंगवायला बसला. मी तिथंच पायरीवर बसले.

मला माझे वडील आठवले. माझ्या लग्नात हळदीनंतर नेसायची हिरवी साडी त्यांनी स्वतः, मोठ्या हौसेनं, बीडहून आणली होती. मांडवात घडी मोडली तर निघाली तपकिरी. चक्क तपकिरी! नवरीला! सासूबाईंनी सगळ्या पाहुण्यांसमोर काढायचं ते काढलं, "हिरवं नेसवायची दानत न्हाई का," म्हणाल्या. वडील बापडे साडी हातात धरून म्हणत होते, "हिरवीच तर हाय की ही, बाई." लोकांना वाटलं, म्हातारा बेरकी आहे, स्वस्तातलं आणून वर वाद घालतोय. कित्येक वर्षं मला त्याचे टोमणे ऐकावे लागले, आणि वडील मरेपर्यंत म्हणत राहिले की साडी हिरवीच होती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती हिरवीच दिसत होती. हे रंगाचं आंधळेपण बापाकडून लेकीत उतरतं, लेकीला काही होत नाही आणि तिच्यातून नातवाला जातं, हे मला पुढं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. म्हणजे ते माझ्याच अंगातून गेलं होतं. माझ्यातून! मी त्याला नऊ महिने काय काय जपून खाऊ घातलं होतं, आणि हे त्यासोबत दिलं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. मिरचीच्या रानात पिकलेल्या लाल मिरच्या तोडायला सांगितलं की हा निम्म्या हिरव्याच तोडून आणायचा. "कामचुकार," हे ओरडायचे, "डोळे फुटले का बे तुझे!" तो मान खाली घालून उभा राहायचा. त्याला कुठं ठाऊक होतं की बाकीच्यांना त्या लाल मिरच्या लांबून दिसतात.

हे रविवारी आले तेव्हा मी त्यांना एकटं गाठून सांगितलं. आधी हसले, मग चिडले. "मुंगीएवढं बारीक अक्षर वाचतंय पोरगं. डोळ्याला काय धाड भरली?"

"अक्षराचं न्हाई वो. रंगाचं."

"रंग कुणाला लावायचाय? विमान चालवायचंय त्याला." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "फाट्यावर फ्लेक्स हाय. आता असलं तोंडातनं काढू नको."

पण वर आभाळात लाल दिवा कुठला, हिरवा कुठला, हे कोण सांगणार त्याला? मला एवढं कळत होतं. आणि मुलाखत काढून, सगळं जिंकून, शेवटी परक्या गावात परक्या डॉक्टरांसमोर त्याला हे कळलं तर? तिथं त्याला पाठीवर हात ठेवायलाही कुणी नसणार. मी म्हटलं, जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे. पोराला सांगितलं, तपासणीच्या आधी एकदा डोळे दाखवून घेऊ, नंबर-बिंबर असला तर. "चल की," तो म्हणाला, "तुझीबी खात्री होऊ दे." हाताला लागलेला रंग तसाच घेऊन आला. रिक्षात त्या विमानाच्या शेपटीचंच बोलत होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. भिंतीवरची अक्षरं त्यानं खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली. बाई म्हणाल्या, "दृष्टी एकदम छान." त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, बघ म्हणून. मग मीच म्हटलं, "मॅडम, रंगाचं पण बघा ना."

बाईंनी एक पुस्तक काढलं. पानभर रंगीत ठिपके, ठिपक्यांतून आकडा उमटलेला. मी त्याच्या खांद्यामागं उभी होते. पहिल्या पानावर बारा. "बारा," तो म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, बाई गं, उगीचच मी घाबरले, आता घरी जाताना पेढे घेते. दुसऱ्या पानावर आठ होता. तो म्हणाला, "तीन." बाईंनी पान उलटलं. मी पदर तोंडात धरला. पुढची दोन-तीन पानं तो अडखळत गेला, पान जरा तिरकं करून बघितलं, म्हणाला छपाई फिकी आहे. मग एक पान आलं आणि त्याचा चेहरा खुलला. "हे तर स्पष्टच हाय. एकवीस."

"अरे चौऱ्याहत्तर हाय रे!" मी ओरडले. शाळेत लेकराचं उत्तर चुकतंय आणि आई खिडकीत उभी आहे, तसं तोंडातून निघून गेलं.

"ताई, तुम्ही सांगू नका," बाई म्हणाल्या.

पण त्यानं मागं वळून बघितलं होतं. तो पुस्तकावर नाराज होता, माझ्यावर नव्हता. आणि मला बघून त्याला कळलं की पुस्तकात खोट नाही. त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. एवढं थोरलं पोर, ओठावर मिशी आलेलं, त्या स्टुलावर बारीक होत गेलं. त्यानं विचारलं, "तुला दिसतंय? खरंच तिथं चौऱ्याहत्तर हाय?"

"हाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

शेवटच्या पानांवर आकडे नव्हते. ठिपक्यांमधून एक वेडीवाकडी वाट जात होती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत जा." त्यानं बोट ठेवलं. रंग लागलेलं बोट. ते तिथंच थांबलं. थोडं डावीकडं गेलं, परत आलं, पुन्हा थांबलं. त्या पानावर ती वाट मला एवढी उघड दिसत होती! बाईंनी मान खाली घातली. मला राहवेना. मी पुढं वाकले, पाटीवर अक्षर गिरवताना धरायचे तसं त्याचं बोट धरलं आणि वाटेवरून न्यायला लागले. वळणावर वळले, खाली उतरले, पुन्हा वर चढले. तो माझ्याबरोबर आला. निम्म्यात आल्यावर त्याचा हात जड झाला.

"सोड आई," तो म्हणाला. "तिथं तू थोडीच असणारंस."

मला ते बोट सोडवेना.