वरणाची बादली

इंद्रभान जानेफळच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या सामानाच्या ओझ्यातून सुटलेली एसटी हातभर वर उचलली गेली, रसवंतीचं इंजिन धास्तीनं बंद पडलं आणि त्याच्या अत्तराच्या वासानं माझ्या चहातली माशी बेशुद्ध झाली. निदान गावाला मी असंच सांगत आलो. खरं एवढंच, की काळा चष्मा लावलेला एक जाडा माणूस उतरला आणि मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "पाहुने, कोनाकडे?"

"अबे, मी इथलाच हाय," तो म्हणाला. "उकंडरावचा इंद्रभान."

ओमान, कतार, मलेशिया, पोलंड. बावीस वर्षं वेल्डिंग केलं आणि चारही देशांत परकाच राहिला. निदान इथं तरी कुणी 'कुठला' म्हणून विचारणार नाही, या आशेनं आला, तर पहिल्या मिनिटाला मीच भेटलो. वर तो किस्सा मी टपरीवर रोज नवं मीठ लावून सांगितला. महिन्याभरात सारं गाव त्याला 'पाहुणे' म्हणू लागलं. कुणाचंही लग्न असो, त्याला पहिल्या पंगतीत बसवायचे आणि टोपी-दुपट्टा द्यायचे. सात दुपट्टे जमले. आमच्याकडे गावचा माणूस आधी जेवत नाही, तो वाढतो.

गावातल्या अर्जुनरावांच्या मुलीच्या, मयुरीच्या लग्नात इंद्रभाननं बाह्या सरसावून वरणाची बादली उचलली. माइक माझ्याकडे होता. तो माझ्याकडे देणं ही गावाची जुनी चूक. पाहुण्यांना कामाला लावून गावाची अब्रू घालवू नका, असं मी जाहीर केलं. सारा मांडव हसला. दोघांनी त्याच्या हातून बादली काढून घेतली आणि त्याला पत्रावळीसमोर बसवलं.

वरण वाढायला मीच गेलो. वर न पाहता तो म्हणाला, "किती वर्सं राह्यलं म्हणजे बादली भेटते बे?"

माझ्या हातातला डाव कलला, वरण त्याच्या पँटवर सांडलं. सांडलेल्या वरणाची माफी मात्र मी लगेच मागितली.

किस्सा सांगणं मी बंद केलं, पण तो आता गावाला पाठ होता. शेवटी लाज गिळून त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "वैशाखात आमच्या पोरीचं, प्रेरणाचं लग्न हाय. वरणाची बादली तुह्याकडे."

बायकोला, शालूबाईला, हाक मारून त्यानं जुना सदरा काढून ठेवायला सांगितलं. वरण सांडलं तरी चालेल असा.

वैशाखात व्याह्यांनी बुफे ठरवला. इंद्रभान जुना सदरा घालून आला आणि प्लेट घेऊन माझ्यामागे रांगेत उभा राहिला.